कॉटेजचं किट घेताय? लाकूड छान आहे, विटा मात्र स्वतः पाडा

आधीच सांगून ठेवतो, मी नाशिकला अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे, दिवसभर हातात व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं हत्यार) असतो, त्यामुळे हा रिव्ह्यू एका किरकिऱ्या माणसाने लिहिलाय असं धरूनच वाचा. किट ऑनलाइन मागवलेलं, २३५० रुपये, वाकड्या छपराच्या परीकथेतल्या कॉटेजचं छोटं मॉडेल, स्केल १:२४, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढं. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाव काढलं की परत डोकं फिरतं.

मागवलं मुलीसाठी. सहावीत आहे, असल्या छोट्या घरांचे व्हिडिओ बघून बघून मागे लागली होती. पहिल्या दिवशी दोन तास बसली, दुसऱ्या दिवशी अर्धा तास, तिसऱ्या दिवशी "पप्पा, झालं की सांगा". मग काय, घर माझ्याच गळ्यात. पण खोटं कशाला बोलू, मलाही चटक लागली. लहानपणी आम्ही पंचवटीत दिवाळीला किल्ला करायचो, चिखल तुडवायचा, वर मोहरी नाहीतर आळीव पेरायचे आणि रोज सकाळी उठून कोंब किती आले बघायचं, तेच वेड परत चढलं असं समजा.

तर खोक्यात काय काय होतं, ३ एमएम एमडीएफचे (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) लेझरने कापलेले भाग, ५ एमएमच्या फोमच्या दोन शीट, विटांचं डिझाइन छापलेले कागद, छपराची पातळ लाकडी कौलं, सुकवलेल्या शेवाळाचं पाकीट, हिरव्या भुशाच्या दोन पुड्या, सहा रंग, गोंदाची ट्यूब, एलईडीची वायर आणि एक माहितीपत्रक ज्याची अक्षरं वाचायला आईचा पोथी वाचायचा चष्मा लावावा लागला.

लाकूड एक नंबर. मी दहा ठिकाणी मोजलं, २.९ ते ३.०५ च्या मध्ये सगळं, खाचेत खाच अशी बसते की गोंदाशिवाय घर उभं राहतं. छप्पर मुद्दाम मधोमध दबलेलं, चिमणी एका बाजूला कललेली, गोल माथ्याचा दरवाजा, हे वाकडेपण ज्याने कुणी डिझाइन केलंय त्याला मानलं, कारण वाकडं दिसणारं घर सरळ खाचांमधून उभं करणं सोपं नाही. कौलंही मस्त, थोडी लहानमोठी कापलीत म्हणून छप्पर मशीनमधून आल्यासारखं दिसत नाही.

आता गोंद. ट्यूब उघडली तेव्हाच पंक्चर काढायच्या सोल्युशनसारखा वास आला, मला तिथेच कळायला हवं होतं. फोमला लावला आणि मागची भिंत डोळ्यांदेखत आत बसली, जिलबीच्या पाकासारखी तार निघाली. हा फोम म्हणजे पॉलिस्टायरीन, सॉल्व्हंट लागलं की विरघळतो, स्प्रे पेंटचंही तेच. म्हणजे फोमच्या शीटबरोबर त्याच डब्यात फोम खाणारा गोंद दिलाय, वर पत्रकात एका शब्दाने सूचना नाही. साधा पांढरा फेविकॉल वापरा, पाण्यातला असतो, फोमला काही होत नाही. आणि स्प्रे मारायचाच असेल तर आधी फेविकॉलचा एक हात सगळीकडून द्या, कडा सोडू नका.

आणि मग विटांचे कागद. छपाई सुंदर आहे, रंग सुंदर आहे, लांबून फोटो काढला तर कुणाला कळणारही नाही. पण मी व्हर्निअर लावला. एक वीट १५ एमएम लांब, ६ एमएम उंच. आता १:२४ म्हणजे गुणिले २४ करा, वीट झाली ३६० एमएमची, जवळजवळ सव्वा फूट! आपल्याकडची साधी वीट ९ बाय ४ बाय ३ इंच, ती या स्केलला साडेनऊ एमएम लांब आणि सव्वातीन एमएम उंच यायला पाहिजे. दरवाजा बरोबर, खिडकी बरोबर आणि विटा राक्षसाच्या, त्यामुळे घर बघताना काहीतरी खटकत राहतं पण काय ते कळत नाही.

तरी मी चिकटवले कागद, म्हटलं एवढं कोण बघतंय. आमच्या शेजारी इंदिरानगरमध्ये बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथले एक गवंडी काका दुपारी पाणी प्यायला आमच्या ओट्यावर येतात, त्यांनी बघितलं. दोन मिनिटं काही बोलले नाहीत, बोट न लावता नुसतं चहूबाजूंनी वाकून बघितलं, मग म्हणाले, "दादा, कोपऱ्यावर सांधमोड नाही, विटा एकमेकींत गुंतल्याच नाहीत. आणि ह्या खिडकीवरची वीट कशाच्या आधारावर उभी हाय?"

झालं. खिडकीवर ना लाकडी पाटी ना कमान, विटांचा थर सरळ हवेतून निघून गेलेला. कोपऱ्यावर एका भिंतीचा थर दुसऱ्या भिंतीच्या थराला अर्ध्या विटेने चुकलेला, म्हणजे विटा कोपऱ्यावरून वळतच नाहीत, कागद संपतो तिथे वीट संपते. मी म्हटलं अहो काका परीचं घर आहे, जादूचं. तर म्हणे, "परीचं असू दे की, बांधलं तर कुण्या गवंड्यानंच असेल ना." याच्यावर मला उत्तर सुचलं नाही, रात्री जेवून झाल्यावर सगळे कागद खरवडून काढले.

तर आता विटा, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण तीन रविवार त्यात गेलेत. किटमधला फोम पुरला नाही, ओळखीतल्या एकाच्या गच्चीवर उन्हाचा ताप अडवायला एक्सपीएस बोर्ड (घट्ट पॉलिस्टायरीन फोम) टाकत होते, त्याचे तुकडे आणले. बारीक दाण्याचा तोच घ्या, पॅकिंगचा थर्माकोल नको, तो कापला की मणी मणी सुटतात आणि विटेच्या जागी साबुदाणा दिसतो (मखराच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे ते वेगळंच). समोरच्या भिंतीच्या विटा मी एकेक कापल्या, नवीन ब्लेडने, पट्टी लावून. मग त्या स्टीलच्या डब्यात मूठभर खडीबरोबर टाकायच्या, झाकण लावायचं आणि खळखळ हलवायचं, एकदोन मिनिटांत कडा झिजतात, कोपरे उडतात, नव्या कोऱ्या विटा शंभर वर्षं जुन्या. बायको म्हणाली डबा परत स्वयंपाकघरात आणू नकोस.

बाकी तीन भिंतींना एवढा धीर राहिला नाही. तिथे संपलेल्या बॉलपेनने फोमवर रेघा दाबल्या, मधल्या काही विटा बोटाने किंचित आत ढकलल्या आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळून गोळा करून तो सगळीकडे फिरवला, पृष्ठभाग खडबडीत होतो. फरक दिसतो का? जवळून दिसतो. पण मागची भिंत जवळून बघणारे फक्त गवंडी काका. कोपऱ्यावर मात्र एका थराला आडवी वीट आणि वरच्या थराला तिची टोकाकडची बाजू असं आलटून पालटून घ्या, आणि खिडकीवर आइस्क्रीमच्या काडीची पाटी नाहीतर उभ्या विटांची कमान द्याच. एवढं केलं की घर एकदम वजनदार दिसायला लागतं, का ते बघणाऱ्याला सांगता येणार नाही.

किटमधला विटेचा रंग नारिंगी आहे, प्लॅस्टिकच्या बादलीसारखा. मी भद्रकालीतून दहा रुपयांचा गेरू आणला, पाण्यात कालवून थोडा फेविकॉल घातला, आणि तेच दोन-तीन वाट्यांत वेगवेगळं केलं, एकात काळा थेंबभर, एकात पिवळा. सगळ्या विटा एका रंगाच्या केल्या तर भिंत मेलीच समजा. भट्टीत सगळ्या विटा सारख्या भाजत नाहीत, जाळाजवळच्या काळपट होतात, लांबच्या फिकट राहतात, म्हणून मधेच कुठेतरी एखादी जळकी वीट टाकायची, मोजून नाही, अंदाजाने. हे मी तिवंध्याकडे एक जुना वाडा उतरवत होते तिथे उभं राहून बघितलंय, अर्धा तास एका भिंतीकडे बघत होतो, तिथला मुकादम मला बिल्डरचा माणूस समजला.

दरजा भरायला वॉल पुट्टी, ताकाइतकी पातळ करून भिंतीवर ओतायची आणि ओल्या स्पंजने वरवरची पुसून घ्यायची, फटीत राहते तीच दरज. मी हे श्रावणात केलं, ते चुकलं, दोन दिवस वाळेना, शेवटी टेबल फॅन लावून ठेवला. वाळल्यावर काळ्या-तपकिरी रंगाचं अगदी पाणचट पाणी फिरवायचं, ते खाचांत जाऊन बसतं, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग नुसता कडांना घासायचा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून पाण्याचे ओघळ काढा, चिमणीचं तोंड काळं करा. इथे थांबता आलं पाहिजे, मला आलं नाही, डावी भिंत आग लागून गेल्यासारखी झालीये.

हिरवळीचं पाकीट. शेवाळ खरं आहे, हाताला छान लागतं, पण रंगवलेलं आहे आणि तो रंग पक्का नाही. बसवल्यावर वरून पातळ फेविकॉल फवारला (पत्रकातच तसं सांगितलंय) आणि सकाळी बघतो तर खाली पोपटी ओघळ. नशीब विटांच्या बाजूला नव्हतं. वापरायचं असेल तर आधी वाटीत भिजवून रंग जाऊ द्या, सावलीत वाळवा, मग लावा. हिरव्या भुशाच्या पुड्या बऱ्या आहेत, पण एकाच हिरव्या रंगाच्या, बिलियर्डच्या टेबलासारखं अंगण होतं.

मी जुन्या उशीतला स्पंज मिक्सरमध्ये पाणी घालून बारीक केला आणि तीन-चार हिरव्यांत रंगवला, झुडपं त्याचीच. मिक्सरचं भांडं जुनं होतं तरी आई दोन दिवस बोलली नाही, म्हणाली, "अरे त्यात मी चटणी वाटते." वेलीची पानं म्हणून तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या चुरून लावल्या, या स्केलला बरोबर बसतात. जमिनीवर गाळलेल्या चहाचा वाळवलेला चोथा, चांगला वाळवा नाहीतर बुरशी येते.

आणि झाडाचं खोड. यासाठी नाशिकसारखं गाव नाही. किटमध्ये तारेचं झाड आहे, ते ठेवा बाजूला. एप्रिलची खरड छाटणी झाली की द्राक्षाच्या बागांमध्ये काड्यांचे ढीग पडलेले असतात, दिंडोरीच्या मित्राने दोन गोणी दिल्या. जुन्या जाड काडीची साल अशी सोलटून निघते, अशा पिळाच्या असतात की काही करावंच लागत नाही, उभी केली की शंभर वर्षांचं झाड. फक्त कडक उन्हात आठवडाभर वाळवा, माझ्या पहिल्या झाडातून पीठ गळायला लागलं तेव्हा कळलं आत भुंगा आहे.

पत्रकातल्या फोटोत भिंतीवर आयव्हीची वेल आहे. ती मी केली नाही. आपल्याकडे जुन्या भिंतीतून काय उगवतं? पिंपळ. चिमणीच्या बुडाशी एक फट ठेवली आणि कागदाची सहा पानं कापून पिंपळाचं रोप लावलं, पानाला ते लांब टोक काढताना डोळे गेले. घरी येणारा प्रत्येक माणूस आधी तेच बघतो.

दिवा लागतो, उजेड पिवळा आणि छान, पण बटण सेल जमिनीखाली आणि पत्रक म्हणतं जमीन चिकटवून टाका. मग सेल बदलायचा कसा? मी जमिनीला झाकण कापून लोहचुंबक लावला.

कंपनीला गोंदाबद्दल कळवलं तर अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागितला. मी काय खोकं उघडताना कॅमेरा लावून बसलो होतो? तिसऱ्या मेलनंतर १५० रुपयांचं कूपन आलं, त्यांच्याच दुकानात वापरायचं.

असल्या वेडाला मोठमोठी माणसं लागलीत हे वाचून जरा बरं वाटतं. नवी दिल्ली आखणाऱ्या लटियन्सने इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १:१२ चं बाहुलीघर केलं ते १९२४ ला पूर्ण झालं, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात कार्मेलला ह्यू कॉमस्टॉकने बायकोच्या कापडी बाहुल्या ठेवायला असलंच वाकडं कॉटेज बांधलं, पण खरंखुरं, माणूस आत जाईल असं. मी आपला ५ एमएमच्या फोमवर समाधानी आहे.

तर घ्यावं का? लाकूड आणि कौलांसाठी घ्या, हजार-बाराशेला मिळालं तर डोळे झाकून. २३५० ला नाही, कारण गोंद, रंग, शेवाळ आणि विटा हे सगळं तुम्ही परत आणणारच आहात आणि ते गावात तीनशे रुपयांत येतं. दहा वर्षांखालच्या मुलांना एकटं देऊ नका, ब्लेडचं काम आहे. पाच पैकी अडीच, त्यातले दोन लाकडाचे.

गवंडी काकांनी परवा परत बघितलं. खिडकीवरची कमान बघून मान हलवली, मग म्हणाले जोतं बुटकं ठेवलंय, पावसाचं पाणी आत येईल. आता जोत्याचा एक थर वाढवतोय.

द्राक्षाच्या काड्यांची दीड गोणी अजून शिल्लक आहे, वाळवलेली, भुंगा नाही. कुणाला हवी असेल तर इंदिरानगरला येऊन घेऊन जा, फुकट, गच्ची दिवाळीच्या आत रिकामी करायचा आईचा हुकूम आहे.