मेक्सिकोची जुनी नाणी: टांकसाळीची चूक जमवावी की ठशातला फरक?

मेक्सिकोच्या जुन्या नाण्यांत 'वेगळे' काही शोधणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. छाप सरकलेले किंवा काठ अर्धवट कापलेले नाणे ही टांकसाळीची चूक, आणि ती त्या एका नाण्यापुरतीच. ठसा म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणारा टांकसाळीचा साचा; ठशातला फरक मात्र त्या ठशाखालून गेलेल्या प्रत्येक नाण्यावर उतरतो.

सुरुवात करणाऱ्याने ठसेच धरावेत, असे माझे ठाम मत आहे. ठशातला फरक दुसऱ्या नाण्याशी ताडून पाहता येतो. चुकलेल्या नाण्याला बहुतेकदा जोडच नसते, आणि कानस घेऊन काठ कापणे कुणालाही जमते. विसाव्या शतकातल्या नाण्यावर काठ खरोखर टांकसाळीतच कापला गेला असेल, तर त्याच्या बरोबर समोरची कड बहुधा दबकी उठलेली दिसते. ती ठसठशीत असेल तर मी नाणे परत ठेवतो.

खरी श्रीमंती ८ रेआलेस या चांदीच्या नाण्यात आहे. टोपी आणि किरणांचे हे नाणे १८२३ ते १८९७ या काळात एकूण १४ टांकसाळींनी पाडले. अक्षरे-आकडे ठशावर हाताने ठोकत, आणि जुना ठसा चांगला असला तर त्यावरच नवा आकडा ठोकून काम चालवत. दहापट भिंगाखाली आकड्याच्या पोटात आधीच्या आकड्याचा वळसा दिसतो. सोबत टांकसाळीची खूण (मेक्सिको शहराची Mo, झाकातेकासची Zs) आणि टांकसाळीत चांदी पारखणाऱ्यांची आद्याक्षरे वाचा. त्या सालाशी ती जुळत नसतील, किंवा वजन २७.०७ ग्रॅमच्या बरेच खाली असेल, तर नकलेचा संशय घ्या. या नाण्याच्या नकला फार आहेत.

भिंगाचा सराव नसेल तर १९६८ च्या ऑलिंपिकचे २५ पेसोंचे नाणे घ्या. पहिल्या, सर्रास मिळणाऱ्या प्रकारात वर्तुळे ओळीत, दुसऱ्यात मधले खाली उतरलेले. तिसऱ्यात शिवाय गरुडाच्या चोचीतल्या सापाची जीभ लांब आणि वाकडी. १९१० ते १९१४ च्या 'काबाइतो' (घोड्याचे चित्र असलेल्या) पेसोत १९१३ चे, ३ खाली २ असलेले नाणे शोधण्यासारखे आहे.

अक्षरे दुहेरी दिसली की लगेच हुरळू नका. दुसरी रेघ चपटी, पायरीसारखी असेल तर ठोकताना ठसा हलला होता, एवढेच. तिला जादा पैसे देऊ नयेत.

८ रेआलेसवर चिनी व्यापाऱ्यांचे बारीक छापही दिसतात. पूर्वेच्या बंदरांत चांदी पारखणाऱ्याला 'श्रॉफ' म्हणत. तो शब्द आपला 'सराफ'च. हे छाप नाणे टांकसाळीबाहेर पडल्यावरचे, म्हणून त्यांची पेटी मी वेगळी ठेवली आहे.