हर्शेल यांची निळाई: जॅकार्डचा सायनोटाइप संच

जॉन हर्शेल म्हणजे दक्षिण गोलार्धाचं आकाश नोंदवणारे खगोलशास्त्रज्ञ, एवढीच ओळख असेल तर जॅकार्ड कंपनीचा हा संच ती मोडतो. 1834 ते 1838 दक्षिण आफ्रिकेतल्या केपला दुर्बीण लावून बसलेल्या या माणसाने 1842 मध्ये सूर्यकिरणांचा लोहक्षारांवरचा परिणाम तपासताना सायनोटाइप, म्हणजे उन्हाने कागदावर निळं चित्र उमटवायचं तंत्र, शोधलं. इमारतीच्या नकाशांची ‘ब्लू प्रिंट’ त्यातूनच आली. चांदीचे क्षार हायपोत (फोटो पक्का करायचं रसायन) विरघळतात हे तर त्यांनी 1819 मध्येच दाखवलं होतं. उतारवयात इलियडचा इंग्रजी पद्यानुवादही केला.

संचात दोन बाटल्या आहेत, आत कोरडी पूड: एकीत फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसरीत पोटॅशियम फेरिसायनाइड. पाणी भरा, हलवा, 24 तास ठेवा. नंतर लागेल तेवढंच समप्रमाणात मिसळा. ए-4 कागदाला दोन्ही मिळून 4 मिली पुरतं. मिश्रण काही तासांतच खराब होतं. ते कागदावर फासायला फोमचा ब्रश घ्या, कारण पत्र्याची पट्टी असलेल्या ब्रशमुळे निळे ठिपके पडतात. कागद अंधारात पूर्ण वाळवा. पावसाळ्यात इथेच घोळ होतो: ओलसर लेप उन्हात जाण्याआधीच निळसर पडू लागतो.

वर झाडाचं पान आणि काच ठेवून उन्हात धरा. पिवळट-हिरवा लेप आधी निळा, मग राखाडी होतो. राखाडी झाला की उचला. घाईने उचललेलं चित्र धुताना वाहून जातं. पिवळेपणा जाईपर्यंत साध्या पाण्यात धुवा. पाण्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं तर गडद निळा लगेच येतो, नाहीतर हवेत दिवसभरात येतोच.

खरी गोम कागदात आहे. ‘अ‍ॅसिड-फ्री’ छापलेला महाग कागद पाहून लोक फसतात. त्यात बहुधा कॅल्शियम कार्बोनेट हे अल्कलीधर्मी द्रव्य असतं, आणि ही निळाई अल्कलीत टिकत नाही. आधी एका पट्टीला लेप द्या, अंधारात वाळवा आणि ऊन न दाखवता धुवा. पट्टी पांढरी निघाली तर कागद चांगला. नाहीतर लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक आम्ल) घालून बुडबुडे थांबेपर्यंत कागद भिजवा, धुऊन वाळवा. बोअरचं पाणी असेल तर पहिल्या धुण्यातही चिमूटभर लिंबूफूल टाका. साबण, सोडा अजिबात नको. फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल मात्र आणू नका, विषारी वायू सुटू शकतो.

आठ बाय दहा इंचाचे सुमारे 65 प्रिंट निघतात असं कंपनी सांगते. नवशिक्याला सुट्या रसायनांपेक्षा हा संच सोयीचा; तराजू लागत नाही.

1842 च्या त्याच निबंधात हर्शेल यांनी फुलांच्या रसाने रंगवलेले कागद उन्हात कसे फिकटतात तेही नोंदवलंय. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात जातो, तीच ही गोष्ट. उरलेल्या कागदावर हळदीचं पाणी फासा, पान ठेवा आणि दोन-तीन दिवस उन्हात राहू द्या. हे चित्र पक्कं करता येत नाही, म्हणून वहीतच मिटून ठेवायचं.