मज्जारज्जूची इजा झालेल्या मुलीचा ब्रेस: सदाशिव पेठेतील कार्यशाळेचा वर्षभराचा अनुभव

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. सहाव्या वर्षी अपघातात तिच्या मज्जारज्जूला छातीच्या पातळीवर इजा झाली. वाढ पूर्ण होण्याआधी अशी इजा झाली की धडाचे स्नायू कण्याला सावरू शकत नाहीत आणि उंची वाढेल तसा जवळजवळ प्रत्येक मुलाच्या पाठीत बाक येतो. पुष्कळांना पुढे शस्त्रक्रियाही करावी लागते. बाक लहान असताना, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन (कॉब कोन) २० अंशांच्या आत असताना ब्रेस (धडाला आधार देणारे प्लास्टिकचे कवच) सुरू केला तर शस्त्रक्रिया लांबण्याची आशा अधिक असते, असे डॉक्टरांनी आम्हांला समजावले. तिचा कोन तेव्हा १४ अंश होता, म्हणून आम्ही घाई केली.

त्या घाईत एका दुकानातून केवळ छाती-कंबरेचे माप देऊन तयार ब्रेस घेतला. चौथ्या दिवशी डाव्या कमरेच्या हाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला आणि दोन दिवसांत तिथली कातडी फाटली. तिला काहीच दुखले नव्हते, कारण त्या भागात तिला स्पर्श कळतच नाही. जखम भरेपर्यंत सहा आठवडे ब्रेस बंद ठेवावा लागला.

त्यानंतर मापाचे ब्रेस बनवणारी ही सदाशिव पेठेतील कार्यशाळा मिळाली. येथील कारागिरांनी तिला आडवे झोपवून, अंगावर पातळ सुती मोजा चढवून, कमरेची हाडे आणि बरगड्यांच्या कडा जांभळ्या पेन्सिलीने आखून घेतल्या आणि मगच प्लास्टरचा साचा घेतला. त्या खुणा साच्यावर उमटतात, आणि नेमक्या त्या जागी प्लास्टिकला आतून जागा सोडता येते. प्रत्येक वेळी "बाळा, आता इथे हात लावतोय" असे ते सांगत, कारण जे तिला जाणवणार नाही ते तिला निदान कळावे, ही त्यांची जाणीव मला फार महत्त्वाची वाटली.

खरे काम मात्र दुसऱ्या भेटीत झाले. ब्रेस घालून तिला तिच्याच व्हीलचेअरवर अर्धा तास बसवले, तेव्हा खालची कड मांडीवर टेकून ब्रेस वर सरकत असल्याचे दिसले. ती स्वतः कॅथेटर (लघवी काढण्याची नळी) घालायला शिकते आहे आणि पुढची कड आड आल्याने तिला खाली वाकून दिसत नव्हते, हे मी सांगताच त्यांनी तेवढा भाग कापला, कड गरम करून बाहेर वळवली आणि पुन्हा बसवून पाहिले. "ताई, ब्रेस काढल्यावर लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर ब्रेस घालू नका, सरळ इकडे या," असे त्यांनी बजावले. आम्ही पहिल्या दिवशी एक तास, मग दोन, असे करत तीन आठवड्यांत दिवसभरावर आलो. आजही ब्रेस काढला की मी आरसा धरते आणि ती स्वतःची कातडी पाहते.

आत शिवण नसलेला सुती बनियन घालावा लागतो. इजेखालच्या भागात तिला नीट घाम येत नाही, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अंग तापते. तेवढे दोन तास डॉक्टरांच्या संमतीने आम्ही ब्रेस काढून ठेवतो.

तक्रारी दोन आहेत. सांगितल्यापेक्षा दहा दिवस उशीर झाला. दुसरी अधिक गंभीर: कार्यशाळा पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही. ज्या ठिकाणी व्हीलचेअरवरची मुले येतात तेथे आईबापांना मूल उचलून न्यावे लागावे, हे मला मान्य नाही आणि तसे मी त्यांना तोंडावर सांगितले. साच्यासाठी ते घरी येतात, पण त्याचे वेगळे पैसे पडतात.

वर्षभरानंतर तिचा कोन १६ अंश आहे. बाक गेलेला नाही, आणि जाईल असे मला कोणी सांगितलेही नव्हते. पण ती आता एका हातावर भार न देता बसते आणि दोन्ही हातांनी चित्रे काढते. उंची वाढल्याने ब्रेस काखेत लागू लागला आहे, त्यामुळे पुढच्या महिन्यात नवा साचा घ्यायचा आहे, आणि तो आम्ही येथेच घेणार आहोत.