नाशिकच्या मुंबई नाक्याजवळचं सीटी स्कॅन सेंटर: चार तारे, तेही दुसऱ्या फेरीसाठी

या सेंटरला मी दोनदा गेलो. एकदा छातीची सीटी अँजिओ (म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन) काढायला, दुसऱ्यांदा दुसरीकडच्या स्कॅनची सीडी पिशवीत घालून.

आधी दुखणं सांगतो. दुखणं म्हणायचं, पण दुखत काहीच नाही. गेल्या वर्षी हर्नियाच्या ऑपरेशनआधी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तेव्हा हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, आयोर्टा, छातीत फुगलेली निघाली. तिच्या तोंडाशी असलेल्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या, जन्मापासून. त्यात बीपीची गोळी आठवली तर घ्यायची आणि अंबडला 31 वर्षं लेथवर काम करताना ओढलेल्या विड्या. डॉक्टर म्हणाले, "काका, पाकळ्या तुमच्या हातात नव्हत्या, बाकीचं होतं."

नेमक्या मापासाठी सीटी लिहून दिली. सेंटरवाल्यांनी आधी क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट मागितला, कारण रक्तवाहिन्या फोटोत उठून दिसाव्यात म्हणून टोचतात त्या औषधाचा, म्हणजे डायचा, भार किडनीवर येतो. चार तास उपाशी, हातात सुई, छातीला ईसीजीच्या वायरी. डाय आत गेला की अंगभर ऊब पसरते आणि चड्डीतच लघवी झाली असं वाटतं. टेक्निशियन पोरानं ते आधीच सांगितलं होतं, म्हणून निभावलं. रिपोर्टमध्ये झडपेपाशी किती, वर चढताना किती, कमानीत किती, खाली उतरताना किती, सगळं वेगवेगळं. जास्तीत जास्त रुंदी 44 मिलिमीटर.

यंदा मात्र लोभ नडला. घराजवळ दीड हजारानं स्वस्त मिळालं, तिथं काढली. रिपोर्ट चार ओळींचा: आयोर्टा फुगलेली, 49 मिलिमीटर. कुठं 49, त्याचा पत्ता नाही. आता साधारण 55 झाली की ऑपरेशन ठरवतात, मार्फानसारखा, रक्तवाहिनीची भिंत जन्मतःच कमकुवत असणारा आजार असेल तर त्याआधीच. पण वर्षात 5 मिलिमीटर वाढली तर तेही ऑपरेशनचंच कारण. घरात रडारड. बायको म्हणे, "अहो, सिलिंडरला हात लावाल तर बघा!" (तो तसाही लावायचा नाहीये. जड उचलताना श्वास कोंडला की प्रेशर एकदम चढतं.)

कार्डिऑलॉजिस्टनी दोन्ही सीडी घेऊन पुन्हा इथं पाठवलं. इथल्या रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी मला चक्क स्क्रीनसमोर बसवलं. मशीन शरीराचे आडवे काप घेतं, पण माझी आयोर्टा त्या ठिकाणी तिरकी जाते. तिरक्या पाइपचा आडवा काप म्हणजे लंबगोल, आणि त्या दुसऱ्यांनी लंबगोलाची लांब बाजू मोजली होती. 45 चा पाइप 20 अंशात तिरका कापला तर तोंड 48 च्या आसपास भरतं, हे मला कुणी शिकवायला नको. माप घ्यायचा वर्नियर तिरका धरला म्हणून किती पोरांना मी टपल्या मारल्यात. शिवाय तिथं ईसीजी जोडलाच नव्हता, त्यामुळे धडधडणाऱ्या हृदयाजवळची भिंत फोटोत दुहेरी दिसत होती.

मॅडमनी दोन्ही सीडींवर एकच जागा पकडली, काप पाइपला काटकोनात फिरवला आणि मोजलं. गेल्या वर्षी 44, यंदा 45. "एवढा फरक मोजण्यातलाही असू शकतो," म्हणाल्या. पुन्हा सीटी काढायला लावली नाही, या मोजणीचे पैसेही घेतले नाहीत.

सख्ख्या नात्यातल्यांचाही इको करा, हे त्यांनीच बजावलं. मुलाचा नीट आला. सिन्नरची ताई "मला काय धाड भरलीय" म्हणून अजून टाळतेय. आवाज बसला किंवा घास अडकायला लागला तर दाखवायला या, पण छातीत-पाठीत फाटल्यासारखी कळ आली तर सेंटर-बिंटर शोधत बसू नका, 108 लावा, हेही सांगितलं. भिंत आतून चिरली किंवा फुटली तर वेळ फार थोडा असतो.

एक तारा का कापला? अपॉइंटमेंट साडेनऊची, नंबर लागला अकराला, तोही उपाशी पोटी. एसी असा की शाल लागते. पार्किंगचं नावच काढू नका, रिक्षानं जा. आणि सीडी मागितल्याशिवाय देत नाहीत; व्हॉट्सॲपवर नुसता रिपोर्ट पाठवून मोकळे होतात. काउंटरवर पैसे भरतानाच सीडी मागून ठेवा.