फ्रोझन कॉकटेलसाठी घरचा ७५० वॅटचा मिक्सर पुरतो का?

पुरतो, पण एका अटीवर: भांड्यात बर्फ घालायचा नाही. बर्फाच्या जागी फळ गोठवायचं आणि वाइनही गोठवायची. नाशिकमध्ये दोन्ही हाताशी असताना पाण्याचा बर्फ घालून चव पातळ का करायची?

मिक्सरच्या दृष्टीनेही हेच बरं. बर्फाचे खडे नेहमीच्या पात्याने एकसारखे फुटत नाहीत; अर्ध्याचा भुगा होतो, अर्धे तसेच राहतात आणि सगळा ताण कपलरवर, म्हणजे मोटरची फिरकी पात्यापर्यंत पोहोचवणाऱ्या जोडणीवर येतो. पिकलेल्या द्राक्षात १८ ते २० टक्के साखर असते, त्यामुळे उणे १८ अंशालाही मणी दगड होत नाही. वाइनमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असल्याने तिचे क्यूब भुसभुशीत राहतात, चमच्यानेही मोडतात. एवढं काम ७५० वॅटची मोटर आरामात करते.

भांडं मात्र नीट निवडा. दीड लिटरचं लिक्विडायझिंग जार घ्या, ज्याच्या आतल्या भिंतीला उभ्या पट्ट्या असतात. या पट्ट्यांमुळे मिश्रण नुसतं गोल न फिरता पात्याकडे परत येतं. चटणीच्या भांड्यात हे जमत नाही. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक जारमध्ये आत काय चाललंय ते दिसतं, स्टीलचं जार लवकर गार होतं. आमची पसंती स्टीलला, आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून.

द्राक्षं मार्चमध्येच गोठवून ठेवावीत. एप्रिल सरता सरता हंगाम उरकतो. थॉम्सन किंवा सोनाका उत्तम, रंग हवा असेल तर शरद सीडलेस. बियांची द्राक्षं नकोत, बी चिरडली की कडवटपणा उतरतो. घडातून सुटलेले मणी स्वस्त मिळतात आणि या कामाला ते पूर्ण चालतात. धुऊन कापडावर अगदी कोरडे करा, प्रत्येक मणी अर्धा चिरा, ताटात एका थरात पसरून पाच-सहा तास गोठवा आणि मग पिशवीत भरा. अख्खे मणी पात्यावरून उडत राहतात, ओले गोठवले तर सगळ्यांचा मिळून एक गोळा होतो. वाइन बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून रात्रभर ठेवा. बाटली फ्रीजरमध्ये ठेवू नका; गोठताना वाइन फुगते, बूच वर येतं किंवा काच तडकते.

दोन मोठ्या ग्लासांचं प्रमाण: गोठलेली द्राक्षं २०० ग्रॅम, शेनिन ब्लांक किंवा सोविन्यों ब्लांक या पांढऱ्या वाइनचे क्यूब १५० मिली, व्होडका किंवा जिन ६० मिली, लिंबाचा रस २० मिली, साखरेचा पाक २५ मिली (साखर आणि पाणी समप्रमाणात), चिमूटभर मीठ. गारव्यात गोडी कमी लागते, म्हणून चाखताना जरा जास्त गोड वाटलं तरच ग्लासात बरोबर लागतं.

आधी पातळ पदार्थ, त्यावर वाइनचे क्यूब, सगळ्यात वर द्राक्षं. हा क्रम उलटा केला की पातं गोठलेल्या फळात रुतून बसतं. पल्सवर दोन-दोन सेकंदांचे पाच-सहा झटके द्या, मग दोन नंबरवर वीस सेकंद. त्याहून जास्त फिरवलं तर पात्याच्या घर्षणाने मिश्रण तापून पातळ होतं.

मध्येच आवाज एकदम हलका आणि चिरका झाला, तर पात्याभोवती पोकळी झाली आहे आणि पातं रिकामं फिरतंय. मिक्सर बंद करून चमच्याने वरचं खाली ढकला, दोन चमचे वाइन घाला. मिक्सर मध्येच बंद पडला तर ओव्हरलोड ट्रिप झालंय, म्हणजे ताण जास्त झाल्याने मोटर वाचवणारं बटण सुटलंय. दहा मिनिटं थांबून बुडाखालचं लाल बटण दाबा. जळका रबरी वास आला तर कपलर तपासा. तो बदलणं किरकोळ काम आहे, नाशिकच्या भांडी बाजार-मेन रोडकडे मिक्सरच्या भांड्यासकट जा.

मिश्रण सरबतासारखं पातळच राहतंय? बहुधा दारू जास्त झाली आहे. वरच्या प्रमाणात अल्कोहोल साधारण नऊ टक्के येतं. व्होडका दुप्पट केली तर घरच्या फ्रीजरमध्ये ते घट्ट धरणार नाही.

हापूस किंवा केशरच्या फोडी याच पद्धतीने चालतात, फक्त वाइनऐवजी व्हाइट रम ६० मिली आणि गार पाणी १०० मिली घ्या. आंब्याचा गर दाट असतो. कलिंगडात पाणीच जास्त, त्याचे तुकडे बर्फासारखे कडक होतात, म्हणून दोन सेंटिमीटरपेक्षा मोठे नकोत. अननसाचे धागे पात्याला गुंडाळतात. आडवे बारीक कापा.

चार्जिंगवर चालणारे बाटलीसारखे छोटे ब्लेंडर या कामासाठी घेऊ नका, गोठलेल्या फळापुढे त्यांचं काही चालत नाही. हँड ब्लेंडर चालेल, पण फळ दहा मिनिटं बाहेर ठेवून मऊ झाल्यावर. उरलेलं मिश्रण डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवा आणि दर तासाला काट्याने खरवडा. दुसऱ्या दिवशी मिक्सर न लावता ग्लासात घालता येतं.