मागच्या सीटवरून: दोघांच्या लांब पल्ल्याच्या मोटरसायकल प्रवासाचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

टूरिंग मोटरसायकलींची जी परीक्षणे वाचायला मिळतात, ती जवळजवळ सगळी पुढच्या सीटवरून लिहिलेली असतात. इंजिनाची ताकद, वळणावरची पकड, गिअरची सफाई यांवर सविस्तर लिहिलेले असते आणि मागे बसणाऱ्याच्या वाट्याला शेवटी एखादे वाक्य येते. मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी घराबाहेर पडल्यावर आम्ही दोघांनी एकाच गाडीवरून लांबचे प्रवास सुरू केले, त्याला आता बरेच महिने झाले आहेत. या काळात मी मागे बसले आहे आणि माझे मत असे झाले आहे की जोडप्याने गाडी घ्यायची असेल, तर तिचे परीक्षण मागच्या सीटवरूनच व्हायला हवे. दिवसाला किती अंतर कापता येईल, सलग किती दिवस प्रवास करता येईल आणि पुढच्या वेळी दोघेही तितक्याच उत्साहाने निघतील की नाही, हे इंजिनापेक्षा मागे बसणाऱ्याच्या पाठीवर, गुडघ्यांवर आणि कानांवर अवलंबून असते.

आमची गाडी मध्यम वजनाची, दोन सिलिंडरांची, उंच हँडलची आणि तीन पेट्या लावता येतील अशी आहे. मॉडेलचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिते आहे ते या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना लागू पडते. मागे बसणाऱ्याचा विचार करून गाडी घडवण्याची परंपरा जुनी आहे. १९७५ मध्ये आलेल्या होंडा गोल्ड विंगला १९८० पासून कारखान्यातूनच फेअरिंग (वारा अडवणारे पुढचे आवरण), बाजूच्या पेट्या आणि मागची पेटी बसवून मिळू लागली, आणि तिची मागची बैठक पुढे खुर्चीसारखी होत गेली. परंतु त्या गाड्या फार जड असतात. पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदा लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या जोडप्याला मध्यम वजनाची गाडीच जास्त योग्य वाटते; मग तिच्या मागच्या सीटकडे जे दुर्लक्ष झालेले असते, ते आपल्याला भरून काढावे लागते.

सर्वांत आधी वजनाचा हिशेब करावा. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत भारासह कमाल वजन दिलेले असते. त्यातून पेट्रोल आणि तेलासह गाडीचे वजन वजा केले की माणसे आणि सामान मिळून किती भार चालेल ते कळते. या वर्गातल्या अनेक गाड्यांत हा आकडा १८० ते २२० किलोच्या दरम्यान असतो. एकाचे वजन ७५ किलो आणि दुसऱ्याचे ६५ किलो धरले, हेल्मेट, जाकीट, पँट आणि बूट यांचे माणशी ८ ते १० किलो धरले आणि रिकाम्या पेट्यांचे १५ किलो मिळवले, तर सामानाचा पहिला कपडा ठेवण्याआधीच आपण पावणेदोनशे किलोंच्या आसपास पोहोचतो. एकट्याने फिरणाऱ्याला हा हिशेब कधी करावाच लागत नाही, म्हणून परीक्षणांत तो सापडत नाही. आम्ही तो कागदावर मांडला, तेव्हा सामानातली निम्मी यादी आपोआप गळाली.

सामान कुठे ठेवले आहे याचाही मोठा फरक पडतो. मागची पेटी चाकाच्या आसाच्याही मागे आणि वर असते, त्यामुळे तिच्यातला भार पुढचे चाक हलके करतो आणि वेग वाढल्यावर हँडल डोलू लागते. म्हणूनच उत्पादक त्या पेटीसाठी बहुधा ५ ते १० किलोंचीच मर्यादा घालून देतात. जड वस्तू बाजूच्या पेट्यांत, तळाशी आणि शक्य तितक्या पुढच्या बाजूला ठेवाव्यात. वरच्या पेटीत पावसाळी कपडे आणि हलक्या वस्तू ठेवाव्यात. माझ्या दृष्टीने त्या पेटीचा खरा उपयोग वेगळाच आहे. तिच्या पुढच्या बाजूला पाठ टेकण्यासाठी उशी बसवून घेतल्यापासून वेग घेताना मागे ढकलले जाण्याची भीती गेली आणि सतत कडी धरून ठेवण्याची गरजही उरली नाही.

मागच्या सस्पेन्शनविषयी जरा विस्ताराने लिहिते, कारण सर्वांत जास्त फरक तिथे पडला आणि तोही काहीही विकत न घेता. कारखान्यातून गाडी येते तेव्हा स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला दाब, साधारणपणे एकट्या चालकासाठी ठेवलेला असतो. मागे माणूस आणि सामान आले की गाडी मागून खाली बसते. त्यामुळे पुढचा दिवा वर उचलला जाऊन समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर प्रकाश पडतो, हँडल वळणात सुस्त होते, स्टँडवर गाडी जास्त सरळ उभी राहू लागते आणि खड्डा आला की सस्पेन्शन तळाला आदळून तो धक्का थेट मागे बसणाऱ्याच्या कण्यात जातो. दोघे पूर्ण पोशाखात आणि भरलेल्या पेट्यांसह बसल्यावर सस्पेन्शनच्या एकूण चालीपैकी साधारण एक तृतीयांश चाल वापरली गेली पाहिजे, हा प्रचलित ठोकताळा धरून आम्ही प्रीलोड वाढवला. त्याबरोबर रीबाउंडचे डॅम्पिंगही, म्हणजे स्प्रिंगच्या परत उसळण्याला होणारा रोधही, थोडे वाढवावे लागते, नाहीतर जास्त दाबलेली स्प्रिंग प्रत्येक उंचवट्यानंतर मागच्या माणसाला वर फेकते. पहिल्या काही प्रवासांत संध्याकाळी माझी कंबर धरत असे. या बदलानंतर तो त्रास जवळजवळ थांबला. टायरमधल्या हवेचेही असेच आहे. पुस्तिकेत एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगळे आकडे असतात, मागच्या टायरसाठी दोघांचा आकडा बहुधा जास्त असतो, आणि हवा टायर थंड असतानाच मोजायची असते.

मूळ सीटबद्दल माझी तक्रार आहे. ती दुकानात बसून पाहताना मऊ आणि छान वाटते, पण मऊ फोम तासाभरात पूर्ण दबतो आणि मग आपण फोमवर नाही, तर त्याखालच्या कडक तळावर बसलेलो असतो. लांबच्या प्रवासाला सपाट, रुंद आणि जरा कडक फोमची सीट जास्त चांगली, हे मला अनुभवाने पटले आहे. पुढे उतार असलेली सीट तर दोघांनाही छळते; प्रत्येक ब्रेकला मागचा माणूस घसरत पुढच्याच्या पाठीवर येतो. आम्ही सीट पुन्हा भरून घेतली आणि तिचा उतार काढून टाकला. मात्र पाय ठेवायचे फूटपेग अजूनही मला वर वाटतात. सीट आणि फूटपेग यांतले अंतर कमी असले की गुडघे जास्त मुडपावे लागतात, आणि चाळिशी ओलांडलेल्या गुडघ्यांना हे लगेच जाणवते. साधारण दीड तासाने उतरून पाच-दहा मिनिटे चालणे हा आमचा नियम त्यातूनच ठरला, आणि तो चालकाच्या एकाग्रतेलाही तितकाच उपकारक आहे.

आता आवाजाविषयी. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो. हा आवाज इंजिनाचा नसतो, हवेच्या घुसळणीचा असतो, आणि मागे बसणाऱ्याला तो अनेकदा पुढच्यापेक्षा जास्त सोसावा लागतो, कारण गाडीच्या पुढच्या काचेवरून आणि चालकाच्या खांद्यांवरून उसळलेली हवा नेमकी मागच्या हेल्मेटवर येऊन आदळते. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असे मानणाऱ्या प्रमाणानुसार दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटे उरते. कानांत घालायचे इअरप्लग हे या सगळ्या साहित्यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे साधन आहे, असे मी निःशंकपणे म्हणते. ते घातल्यावर ऐकू येणार नाही अशी अनेकांना शंका असते. प्रत्यक्षात वाऱ्याचा गोंगाट दबल्यामुळे इंटरकॉमवरचा, म्हणजे हेल्मेटमधल्या बोलण्याच्या संचावरचा, आवाज अधिक स्पष्ट होतो आणि हॉर्नही ऐकू येतो. काचेची उंची चालकाच्या सोयीने ठरवली जाते, ती दोघांनी मिळून ठरवावी. आमच्या गाडीवर काच थोडी वर केल्यावर माझ्या डोक्यामागची ओढ कमी झाली.

इंटरकॉम घेताना आम्हाला मेश प्रकारचा (अनेक संचांना एकमेकांशी जोडणारा) संच सुचवला गेला होता. तो अनेक गाड्यांच्या ताफ्यासाठी चांगला आहे, पण एकाच गाडीवरच्या दोघांना साधा ब्लूटूथ संच पुरतो. खरी काळजी घ्यायची ती स्पीकरच्या जागेची. तो कानाच्या बरोबर समोर आणि शक्य तितका जवळ हवा. बोटभर सरकला तरी आवाज अर्धा होतो. काही महिन्यांच्या वापरानंतर माझ्या संचाची बॅटरी पहिल्याइतकी टिकत नाही आणि माइकवरचे स्पंजचे आवरण सैल झाले आहे. बाकी संच पावसातही नीट चालला.

या साधनाने आमच्यात काय बदलले ते सांगितल्याशिवाय हा अनुभव पूर्ण होणार नाही. वीस-बावीस वर्षे आमचे बहुतेक संभाषण मुलांच्या वेळापत्रकाभोवती फिरत होते: कोणाला कधी सोडायचे, परीक्षा कधी आहे, फी कधी भरायची. घर रिकामे झाल्यावर हे विषय एकदम संपले आणि संध्याकाळी आम्ही दोघे एकाच खोलीत बसून काय बोलावे ते सुचेना. गाडीवर एकमेकांचा चेहरा दिसत नाही, कोणी उठून जात नाही आणि समोरचा रस्ता सतत बदलत असतो. त्या अवस्थेत माझे पती त्यांच्या कामातल्या थकव्याविषयी, निवृत्तीच्या भीतीविषयी आणि त्यांच्या वडिलांविषयी जे बोलले, ते घरात कधी बोलले नव्हते. अर्थात बोलण्यालाही शिस्त लागते. वळणांच्या रस्त्यावर, गर्दीत आणि ओव्हरटेक करताना मी पूर्ण गप्प राहते; त्या वेळी फक्त रस्त्याविषयीचे बोलणे होते. रस्ता दाखवण्याचे कामही माझ्याकडे आहे, त्यामुळे त्यांची नजर पडद्यावर जात नाही.

मागे बसणे हे निष्क्रिय काम नाही. वळणात मागच्या माणसाने चालकाच्या कण्याच्या रेषेत राहून वळणाच्या आतल्या बाजूच्या खांद्यावरून पुढे पाहावे, म्हणजे शरीर आपोआप योग्य तितकेच झुकते. घाबरून उलट बाजूला सरळ बसण्याचा प्रयत्न केला, तर चालकाला गाडी आणखी झुकवावी लागते. चढताना आणि उतरताना आधी विचारावे आणि होकार मिळाल्यावरच हालचाल करावी, कारण भरलेली गाडी उभी असतानाच पडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. चालकालाही नव्याने शिकावे लागते. मागे वजन असताना थांबायला जास्त अंतर लागते, मागचा ब्रेक एरवीपेक्षा अधिक उपयोगी पडतो, आणि क्लच-ब्रेक हळुवार वापरले नाहीत तर दोन हेल्मेटे एकमेकांवर आपटतात. आमच्या दोघांची हेल्मेटे आता क्वचितच टेकतात, आणि त्यावरून मी प्रगती मोजते.

पोशाखाबाबत एकच आग्रह धरते: मागे बसणाऱ्याला चालकाइतकेच संरक्षण हवे. अनेक जोडप्यांत चालकाचा पूर्ण पोशाख असतो आणि मागची व्यक्ती साध्या कपड्यांत व हलक्या बुटांत असते, हे पाहून मला वाईट वाटते. रस्त्यावर पडल्यावर दोघे सारखेच घासले जातात. युरोपीय प्रमाण ईएन १७०९२ नुसार जाकिटे आणि पँटी एएए (सर्वाधिक संरक्षण), एए, ए अशा उतरत्या श्रेणींत येतात. लांबच्या प्रवासाला एए हा संरक्षण आणि सोय यांचा चांगला मेळ वाटतो. पाठीच्या संरक्षक पट्टीचे दोन स्तर असतात: चाचणीत पहिल्या स्तराची पट्टी सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत बल आत जाऊ देते, दुसऱ्या स्तराची ९ पर्यंतच. जाकिटासोबत अनेकदा फक्त फोमचा तुकडा येतो, तो काढून दुसऱ्या स्तराची पट्टी बसवावी. हेल्मेट ईसीई २२.०६ प्रमाणाचे घ्यावे, कारण त्यात डोक्याला बसणाऱ्या पिळाचीही चाचणी होते.

हवामानाचा मागच्या माणसावर वेगळा परिणाम होतो. चालकाचे शरीर सतत काम करत असते, मागचा माणूस स्थिर बसलेला असतो, म्हणून त्याला थंडी लवकर वाजते. १० अंश तापमानात ताशी १०० किलोमीटरचा वारा उघड्या त्वचेला साधारण ४ अंशांसारखा भासतो. उलट, हवा त्वचेपेक्षा गरम झाली, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या पुढे गेली, की जाळीदार जाकिटातून येणारा वारा घाम झटपट उडवतो आणि शरीर तापवतो. अशा वेळी जाकिटाच्या हवेच्या झडपा बंद करून आत ओले जाकीट घालणे आणि सतत पाणी पिणे जास्त उपयोगी ठरते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे शरीरातले पाणी कमी होते, तेव्हा अशा गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

मुलांना सुरुवातीला आमची फार काळजी वाटली. आम्ही त्यांना रोजचा मार्ग आणि मुक्काम कळवतो, फोनवरचे ठिकाण त्यांना दिसेल असे ठेवले आहे आणि विम्याची कागदपत्रे कुठे आहेत ते सांगून ठेवले आहे. अंधार पडण्यापूर्वी थांबायचे, हे वचन मुलीने घेतले आणि ते आम्ही पाळतो. वयाबरोबर अंधारात कमी दिसू लागते आणि समोरच्या दिव्यांनी डोळे जास्त वेळ दिपतात, त्यामुळे ते योग्यच आहे.

गाडीची झीज दोघांच्या भाराने लवकर होते. मागचा टायर मध्यभागी सपाट झाला आहे, साखळी अपेक्षेपेक्षा लवकर ताणली गेली, मागचे ब्रेक पॅड बदलून झाले. एका पेटीच्या झाकणाचे रबर सुटले होते, ते बदलल्यावर पाणी येणे थांबले. इंजिनाने कुठलाही त्रास दिलेला नाही.

ज्या जोडप्याला हे सुरू करायचे आहे, त्याने दुकानात जाताना दोघांचेही हेल्मेट आणि जाकीट सोबत न्यावे आणि निदान तासभराची फेरी मागे माणूस बसवूनच मागावी. परत आल्यावर प्रश्न आधी मागे बसलेल्याला विचारावेत: गुडघे कसे आहेत, हात कशाला धरून होते, पुढचा रस्ता दिसत होता का, आणि आणखी एक तास बसवेल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लगेच आले नाही, तर ती गाडी बाजूला ठेवून दुसरी पाहावी.