कॉन्व्हेंट शाळेत पालक म्हणून दहा महिने: ॲपपेक्षा कॅलेंडर कामी आलं

गेल्या जूनमध्ये लेकीला वसईतल्या एका कॉन्व्हेंट शाळेत तिसरीत घातलं. आता वार्षिक परीक्षा संपली, निकालही लागला. शाळा पालकांशी कशी बोलते आणि पालकांचं किती ऐकते, हा अनुभव सविस्तर लिहिते आहे. प्रवेशाच्या वेळी फी, निकाल, मैदान याबद्दल सगळे सांगतात, पण शाळा-पालकांच्या या बोलण्याबद्दल कुणीच सांगत नाही. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण सिस्टरांशी माझं बोलणं अजून चालू आहे आणि ते चालू राहावं अशी माझी इच्छा आहे.

आमच्या घरी आम्ही दोघंही नोकरीला. मी सकाळी वसई रोडहून चर्चगेट लोकल पकडते. लेकीला तयार करणं, व्हॅनपर्यंत सोडणं, दुपारी जेवू घालणं हे सगळं माझ्या सासूबाई करतात. म्हणजे शाळेच्या वेळात लेकीची पालक आजीच. पण शाळेच्या ॲपवर एका मुलामागे एकच मोबाइल नंबर चालतो, आणि तो माझा आहे.

ॲपबद्दल आधी सांगते. हजेरी, गृहपाठ, फीची पावती यांसाठी ते उत्तम आहे. फी भरण्यासाठी रजा टाकावी लागत नाही, हे मोठं काम झालं. मात्र सूचना फक्त शाळेकडून आपल्याकडे येते, उलट काही विचारायची सोय नाही. आणि सगळं इंग्रजीत. जुलैत एका पहाटे पावसामुळे सुट्टी जाहीर झाली. सूचना ॲपवर आली तेव्हा मी गाडीत उभी होते आणि फोन पर्समध्ये होता. तो पाहिला अंधेरीला उतरल्यावर. तोवर आजी आणि लेक गणवेश, रेनकोट, दप्तर अशा तयारीत नाक्यावर पाऊण तास व्हॅनची वाट बघत भिजल्या होत्या. व्हॅनवाल्या काकांना कळलं होतं, शेजारच्यांना कळलं होतं, फक्त आजीला कळलं नव्हतं. त्या दिवशी मला फार राग आला आणि तो रास्त होता असं आजही वाटतं.

याउलट कॅलेंडर. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना माहीत असेल, शाळेच्या डायरीला इथे कॅलेंडरच म्हणतात. प्रार्थना, नियम, सुट्ट्यांची यादी, आणि शेवटी रजेच्या अर्जांची आणि रिमार्कची पानं. मी ते जुनाट समजत होते. ऑगस्टच्या अखेरीस रिमार्कच्या पानावर लाल शाईत टीचरांच्या दोन ओळी आल्या, इंग्रजीत: रोज अर्धा डबा तसाच परत जातो आहे, घरी खाते का? मी खाली मराठीत लिहिलं, ‘घरी नीट जेवते. शाळेत का खात नाही विचारलं तर सांगत नाही. तुम्ही विचाराल का?’ दुसऱ्या दिवशी त्याच पानावर टीचरांचं उत्तर मराठीत आलं. लेकीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि मुलींचं टॉयलेट तळमजल्यावर. मधली सुट्टी वीस मिनिटांची. खाली जाऊन, रांगेत थांबून वर येईपर्यंत घंटा व्हायला आलेली असायची. शेवटी तिने पाणी पिणंच कमी केलं होतं. टीचरांनी त्या आठवड्यापासून वर्गातल्या सगळ्या मुलींना सुट्टीच्या पाच मिनिटं आधी खाली पाठवायला सुरुवात केली. डबा रिकामा यायला लागला. पानभर लिहूनसुद्धा मला जे कळलं नसतं, ते चार ओळींत मिटलं. पन्नासेक मुलांच्या वर्गात एका मुलीच्या डब्याकडे लक्ष ठेवणाऱ्या त्या टीचरांचे आभार मी ओपन डेला मानले, इथेही मानते.

ओपन डेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रांग लावायची, पेपर बघायचे, सही करायची. प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटं येतात.

पीटीएचं, म्हणजे पालक-शिक्षक संघाचं, मात्र नीट सांगायला हवं, कारण बऱ्याच पालकांना ती म्हणजे गॅदरिंगला मदत करणारी मंडळी वाटते. सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. आमचा प्राथमिक विभाग विनाअनुदानित आहे, त्यामुळे ती समिती नाही. शिवाय आमच्या कॉन्व्हेंटसारख्या अल्पसंख्याक शाळांना तो कायदाच लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. मग पालकांच्या हातात उरतो तो महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा. त्यानुसार पीटीएची कार्यकारी समिती असते, अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालकांतला, आणि पालक सदस्यांची निवड चिठ्ठ्या काढून होते. फीचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवावाच लागतो. मी नाव दिलं आणि तिसरीची चिठ्ठी माझीच निघाली. आमच्या वर्गातून फक्त सहा जणांनी नावं दिली होती, याचं वाईट वाटतं.

फीवर दोन बैठका झाल्या. हिशेब मागितला तेव्हा सिस्टरांनी कागद पुढे ठेवले, टाळाटाळ केली नाही. तिसऱ्या बैठकीत मी पावसाच्या दिवसाचा विषय काढला आणि दोन गोष्टी मागितल्या. दुसरा मोबाइल नंबर, आणि सूचना मराठीतही. एक पालक म्हणाले, इंग्रजी माध्यम आहे, मराठी कशाला? मला जे वाटत होतं ते मी सरळ बोलले. शाळेच्या कुंपणाला लागून आपलं चर्च आहे. तिथे रविवारची मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, मराठीत, प्रवचन मराठीत, लग्नाच्या घोषणासुद्धा मराठीत होतात. लेकीच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याच्या विधीच्या, तयारीला फादरांनी पालकांना बोलावलं, तेव्हा कोपऱ्यात बसणाऱ्या आज्याही प्रश्न विचारत होत्या, कारण भाषा त्यांची होती. मिस्सा लोकांच्या भाषेत आली ती कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे. त्याच परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावरचं घोषणापत्र काढलं आणि त्यात आईवडील हे मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक असल्याचं म्हटलं. हे वाक्य आमच्या शाळेच्या कॅलेंडरमध्ये छापलेलं आहे, इंग्रजीत. माझ्या सासूबाई सातवी शिकलेल्या आहेत, घरी येणारं ‘सुवार्ता’ मासिक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. त्यांना वाचता येत नाही असं नाही, त्यांना वाचायला दिलेलं नाही.

बैठक थोडा वेळ शांत होती. मग सिस्टर म्हणाल्या, मराठीच्या टीचरांशी बोलते.

जानेवारीपासून महत्त्वाच्या सूचना दोन्ही भाषांत येतात. क्रीडादिनाची पहिली मराठी सूचना छापील कागदावर आली. आजीने चष्मा लावून ती दोनदा वाचली, पांढरे बूट लागतील म्हणून त्याच संध्याकाळी धुऊन वाळत घातले आणि मला फोन करून सांगितलं, ‘शनिवारी साडेसातला सोडायचंय हां, मी वाचलंय.’ वर्गातल्या इतर घरांतल्या, चर्चशी संबंध नसलेल्या आयांनीही गेटवर मला थांबवून हे बरं झालं असं सांगितलं.

दुसऱ्या नंबरचं काम झालेलं नाही. ॲपवाल्यांकडे विचारणा केली आहे, एवढंच उत्तर तीनदा मिळालं. ॲपवरून उत्तर देण्याची सोय नसेल तर कॅलेंडर बंद करू नका, असं मी लेखी दिलं आहे, कारण पुढच्या वर्षी ‘पेपरलेस’ व्हायचं घाटतं आहे.

कॉन्व्हेंटमध्ये मूल घालणाऱ्यांनी प्रवेशाच्या वेळीच विचारावं की रिमार्कच्या पानावर मराठीत लिहिलं तर चालेल का आणि पीटीएच्या चिठ्ठ्या कधी निघतात. लेकीला आम्ही याच शाळेत ठेवतो आहोत. जूनचं नवं कॅलेंडर परवा घरी आलं. पहिल्या पानावर तातडीच्या संपर्काच्या तीन ओळी असतात. पहिल्या ओळीत मी आजीचा नंबर लिहिला.